शब्दकोडे, अफेझिया आणि हेमाताई

"अफेझिया," डॉक्टर म्हणाले. माझा चेहरा बघून त्यांनी लगेच सोपे करून सांगितले. "मेंदूचा बोलण्याचा भाग डावीकडे असतो. तिथे रक्त पोचले नाही, म्हणून हे झाले. त्यांना बरेचसे कळते आहे. शब्दही आत आहेत. पण हवा तो शब्द हव्या त्या वेळी बाहेर येत नाही."

बोईसरच्या त्या हॉस्पिटलच्या बाकड्यावर मी ऐकत बसले होते. पहिला विचार आला तो असा, की यांचे शब्दच जायचे होते का? माझे यजमान मोहन तारापूरच्या प्रकल्पात टेक्निशियन होते. निवृत्त झाल्यापासून सकाळ उजाडायची ती गूढ शब्दकोड्याने.

दुसरा विचार असा आला, की आता ह्यांचे आणि हेमाताईंचे शब्दकोडे बंद होणार. आणि क्षणभर मला बरे वाटले.

हे लिहावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. पण आजारी माणसाजवळ बसणाऱ्याच्या मनात काय काय येते, ते मला त्या दिवसांत कुठे वाचायला मिळाले नाही. मिळाले असते तर मला आधार वाटला असता. म्हणून लिहिते.

आधी गूढ शब्दकोडे म्हणजे काय ते सांगते. साध्या कोड्यात सरळ अर्थ विचारतात. गूढ कोड्यात शोधसूत्र दिसते एक आणि असते दुसरे. ह्यांनी हेमाताईंसाठी रचलेले एक असे होते: "भिंतीवर चालणारी आणि तिची राहण्याची जागा जोडली, की जिल्हा तयार. चार अक्षरे." भिंतीवर चालते ती पाल, राहण्याची जागा घर. पालघर. हे सोपे झाले. बाकीची ऐकून मला नुसतीच झोप यायची.

हेमाताई शिरगावच्या. मच्छीमार घरातल्या, शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. लग्न केले नाही. पालघरच्या वाचनालयात रविवारी कोडी सोडवणाऱ्यांचा एक गट जमायचा. तो पांगत पांगत शेवटी दोघांवर आला, हे आणि हेमाताई. दोघांकडे एकच पेपर यायचा. सकाळी चहाच्या वेळी फोन वाजायचा.

त्यांचा एक नियम होता. एकाला उत्तर सापडले तर त्याने फक्त "सुटलं" म्हणायचे. उत्तर सांगायचे नाही. दुसऱ्याने मागितले तर एखादे अक्षर द्यायचे, तेही नाखुशीने. मग गप्प बसायचे, दुसऱ्याला सुटेपर्यंत. कधी कधी एक शब्द आठवडाभर तसाच लटकलेला असायचा आणि दोघे सुखात असायचे.

मी माकुणसारची. आमची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. घरात मी पहिली पदवीधर, तीही मराठी घेऊन. निकाल लागला तेव्हा बाबांनी वाडीवरच्या सगळ्यांना पेढे दिले आणि मला म्हणाले, "आता तुला आमच्याहून जास्त शब्द येतात." त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण मराठीची पदवीधर मी, आणि माझ्याच स्वयंपाकघराच्या दाराशी माझा नवरा दुसऱ्याच बाईबरोबर मराठी शब्दांवर हसतोय, आणि त्यांना हसू का आले तेही मला कळत नाही, याची सवय मला झाली नाही. हेमाताई ह्यांना "अरे मोहन" म्हणायच्या. मी इतक्या वर्षांत "अहो"च्या पुढे गेले नव्हते.

सुरुवातीला मीही हौसेने कोड्यात डोकावले होते. एक शब्द ह्यांना चार दिवस अडला होता. उत्तरे दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापून यायची, पण हे ती बघायचे नाहीत. ती मी बघितली आणि नाश्त्याला सांगून टाकली. मला वाटले, ते खूश होतील. ह्यांनी पेपरची घडी घातली आणि शांतपणे म्हणाले, "आता काय सोडवायचं?" पुन्हा मला कोणी बोलावले नाही.

त्या सकाळी मी भाकरी थापत होते. बाहेर फोन चालू होता. हे म्हणत होते, "पाट उभा... नाही, उभा तो... झाकण वारा झाकण." मी ऐकले आणि मनात म्हटले, चालू द्या तुमचे. गेली कित्येक वर्षे आमच्या घरात सकाळी असेच बोलले जात होते. उलटा कावळा, डोके नसलेला राजा, पोटात नदी. कोड्याची भाषा असायची ती.

मग माझा फोन वाजला. हेमाताई होत्या. त्यांनी मला कधी फोन केला नव्हता.

"सुनंदा, मोहनच्या तोंडाकडं बघ. तो गंमत नाय करत."

मी बाहेर आले. हे खुर्चीत होते. तोंडाची उजवी बाजू ओघळली होती. उजवा हात मांडीवरून घसरत होता आणि हे तो डाव्या हाताने वर ठेवत होते, पुन्हा घसरत होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "झाकण." त्यांना वाटत होते ते काहीतरी बरोबर बोलत आहेत.

तुमच्या घरी असे काही दिसले तर थांबू नका. तोंड एका बाजूला जाणे, एक हात खाली पडणे, बोलणे विस्कटणे. त्यातले एक जरी दिसले तरी निघा. आम्ही शेजारच्यांच्या गाडीने निघालो.

हॉस्पिटलमध्ये आधी सीटी स्कॅन काढला. हा डोक्याचा एक प्रकारचा एक्स-रे असतो, त्यात रक्तस्राव आहे की नाही ते कळते. रक्तस्राव नव्हता. डॉक्टर म्हणाले, "इस्केमिक स्ट्रोक आहे." म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवायचे इंजेक्शन असते, पण ते ठरावीक तासांच्या आतच देता येते.

"लक्षणं नेमकी केव्हा सुरू झाली?" त्यांनी विचारले.

मला माहीत नव्हते. मी एका भिंतीपलीकडे होते आणि मला माहीत नव्हते. "सकाळी," मी म्हणाले.

"सकाळी चालणार नाही. शेवटचं नीट कधी बोलले?"

मी हेमाताईंना फोन लावला आणि फोन डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांना नेमकी वेळ ठाऊक होती. फोन कधी लागला, पहिले सूत्र हे नीट बोलले, दुसऱ्याला अडखळले, तिसऱ्याला शब्द बदलले. डॉक्टर मान हलवत ऐकत होते. फोन परत देताना म्हणाले, "ह्या बाईंमुळे तुमचे मिस्टर वाचले असं समजा." आणि इंजेक्शनची तयारी करायला गेले.

मी कृतज्ञ होते. देवाशप्पथ होते. आणि त्याच वेळी मला रागही येत होता. माझ्या नवऱ्याचा जीव दुसऱ्या बाईने वाचवला, आणि तोही ज्या खेळात मला घेतले नाही त्या खेळाच्या कानांनी.

पहिले दिवस आयसीयूत गेले. उजव्या हातात हळूहळू बळ येऊ लागले. बोलणे येईना. चमच्याला "खिडकी" म्हणायचे. पाणी हवे असले की "ते... ते..." करून भिंतीकडे बघायचे आणि मग डोळे मिटायचे. एमआरआय झाला. त्यात मेंदूचा कोणता भाग किती दुखावला ते बारकाईने दिसते. त्यानंतर डॉक्टरांनी मला बाकड्यावर बसवून अफेझिया हा शब्द सांगितला.

रोज राउंडला डॉक्टर तेच विचारायचे. नाव सांगा. ही कोण? आपण कुठल्या जिल्ह्यात आहोत? हे माझ्याकडे बघायचे, ओठ हलवायचे. "ही कोण?" ला एकदा "ताई" आले, एकदा "आई", एकदा नुसते डोळ्यांत पाणी. सुनंदा काही येईना.

वॉर्डात हलवल्यावर हेमाताई आल्या. हातात सुकटीची पिशवी, वास बाहेर येऊ नये म्हणून एकात एक गुंडाळलेली, तरी आलाच. सिस्टर म्हणाल्या, "अहो मावशी, पेशंटला हे नाही चालणार."

"पेशंटला नाय आणली. हिला आणली," माझ्याकडे बोट करून हेमाताई म्हणाल्या. "बघा जरा, कशी वाळलीय. सुकटीपेक्षा जास्त."

सिस्टर हसल्या. मला हसता आले नाही आणि रागावताही आले नाही.

हेमाताई पलंगाशी बसल्या. ह्यांची विचारपूस केली नाही, कपाळाला हात लावला नाही. म्हणाल्या, "काय रे मोहन. भिंतीवर चालणारी, आणि तिची राहण्याची जागा."

आणि गप्प बसल्या.

हे त्यांच्याकडे बघत राहिले. कपाळाच्या शिरा दिसू लागल्या. मी उठले, मला ते बघवेना. हेमाताईंनी न बघताच हात आडवा केला, मला थांबवायला. बाजूच्या पलंगावरच्या माणसाची खिचडी खाऊन झाली. नर्स येऊन सलाईन बघून गेली. हेमाताई तशाच.

"पाल," हे म्हणाले. मग खूप वेळाने, "घर." मग दोन्ही जोडून, स्वच्छ, "पालघर."

हेमाताई म्हणाल्या, "सुटलं."

सगळा वॉर्ड खूश झाला. संध्याकाळी डॉक्टरांनी जिल्हा विचारला आणि ह्यांनी सांगितला. डॉक्टर मला म्हणाले, "छान करून घेतलंत." मी मान हलवली. दिवसभर उशाशी बसलेली मी, तोंड पुसणारी मी, कूस बदलून देणारी मी. आणि पहिला पूर्ण शब्द तिच्यासाठी.

घरी आलो तेव्हा मी ठरवले, की आता बघते. शेवटी मराठीची पदवी माझ्याकडे आहे. मी घरभर चिठ्ठ्या लावल्या. कपाट, आरसा, पंखा. रोज सकाळ-संध्याकाळ ह्यांना घेऊन बसायचे. "हे काय?" हे तोंड उघडायचे. "आर..." करायचे. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या की माझा जीव गोळा व्हायचा आणि मी म्हणायचे, "आरसा. आरसा ना?" हे मान हलवायचे. पुढचे. "पं..." "पंखा. हो ना?" मान. मला वाटायचे, किती छान चालले आहे आमचे.

रोज सकाळी हेमाताईंचा फोन मात्र यायचाच. मी तो ह्यांच्या कानाला लावून स्वयंपाकघरात जायचे आणि भांडी जरा जास्तच जोरात घासायचे. तरी ऐकू यायचे. लांबलचक शांतता. मग एखादा शब्द. पुन्हा शांतता. पुन्हा एक. फोनवर शब्द यायचे, आणि माझ्यासमोर दिवसेंदिवस नुसती मान हलायची. एक दिवस ह्यांनी चहात साखर नाही हे सांगायला कप माझ्यापुढे सरकवला आणि प्रयत्नसुद्धा केला नाही. माझ्याशी बोलायचे त्यांनी सोडूनच दिले होते. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले.

पालघरला स्पीच थेरपिस्टकडे आम्ही आठवड्यातून दोनदा जायचो. आवाजाचा, बोलण्याचा व्यायाम शिकवणारी ही मंडळी असते. ती मुलगी माझ्या भाचीच्या वयाची होती. तिने विचारले, "काका, आज सकाळी काय खाल्लंत?"

"भाकरी आणि दुधी," मी म्हणाले.

"बरं. आणि भाकरी कसली होती?"

"तांदळाची."

तिने पेन खाली ठेवले. "काकू, मी काकांना विचारलं."

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. तिचे बोलणे मला जसे कळले तसे लिहिते. ह्यांच्या मेंदूत शब्दापर्यंत जायची जुनी वाट बुजली आहे. नवी वाट चालून चालून पडेल. हे स्वतः शब्दापर्यंत पोचले की ती थोडी पक्की होते. मी शब्द आणून हातात दिला की हे चालतच नाहीत. द्यायचा तर फक्त क्यू द्यायचा, म्हणजे खूण. पहिले अक्षर, किंवा ती वस्तू कशाला लागते ते. आणि मग थांबायचे.

"किती वेळ?" मी विचारले.

"तुम्हाला सहन होईल त्याच्या थोडं पुढे," ती म्हणाली.

एखादे अक्षर द्यायचे आणि गप्प बसायचे. हा नियम मी आमच्याच घरात वर्षानुवर्षे ऐकत आले होते. ह्यांची बहीण आली तेव्हा तिला ह्यांच्याजवळ बसवून मी शिरगावला गेले.

हेमाताई घराच्या पुढच्या बाजूला बोंबील वाळत घालत होत्या. पलीकडे किल्ल्याची भिंत. मला बघून त्या दचकल्या. "मोहनला काय झालं?"

"काही नाही. मीच आले."

"मग बस. वास सहन कर."

मी विचारले, "तुम्ही असं काय करता की त्यांना शब्द येतो?"

"काय नाय करत. गप बसते."

"मला जमत नाही. त्यांचा चेहरा बघवत नाही मला."

"मला फोनवर चेहरा दिसत नाय, म्हणून जमत असेल. समोर बसून बघायचं म्हणजे कठीणच हाय." त्यांनी बोंबील उलटला. "हॉस्पिटलात मी बघितलंच नाय त्याच्याकडं. पायांकडं बघत होते."

मग मी म्हणाले, "मला तुमचा राग येतो, हेमाताई."

"माहीत हाय. फोन उचलतेस तेव्हा कळतं. आणि भांडी किती आपटतेस गं. एक दिवस मला वाटलं, कप फुटला."

"फुटलाच होता."

त्या हसल्या, मीही हसले. मग त्या म्हणाल्या, "तुला दिवसभर मिळतो तो. मला चहा निवेपर्यंत. तेवढ्यावरनं कसला राग धरतेस, सुनंदा?"

राग गेला असे नाही. पण त्या घरात सकाळी फोन करायला दुसरे कोणी नाही, हे मला तिथे बसल्यावर दिसले.

निघताना त्यांनी आतून एक पुडी आणून माझ्या हातात ठेवली. लवंगा होत्या. "वर्गात पोरं अडली की मला पण उत्तर सांगून टाकायची खाज यायची. मग मी जिभेखाली लवंग धरायची. लवंग तोंडात असली की बोलता येत नाय नीट, आणि झोंबते, त्यामुळं ध्यानात राहतं. घरी करून बघ."

दुसऱ्या दिवसापासून मी जिभेखाली लवंग ठेवू लागले. ह्यांना आधी कळेना मी का बोलत नाही. कप पुढे सरकवला, मी बघत राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटले, मी छळते आहे ह्यांना. लवंग झोंबत होती. "सा..." हे म्हणाले. मी माझ्या पायांकडे बघितले. "साखर," हे म्हणाले, आणि रागाने कप आदळला. चहा ओट्यावर सांडला. मी तो पुसताना इतकी आनंदात होते, की मला साखर आणायचे भानच राहिले नाही. ह्यांनीच उठून डबा घेतला.

आता काही महिने झाले. लांब वाक्ये अजून तुटतात. अनोळखी माणसासमोर ह्यांचे बोलणे थिजते. हात चांगला चालतो. रक्त पातळ ठेवायची गोळी आणि बीपीची गोळी कायमची आहे. डॉक्टर म्हणतात, पहिल्यासारखे होईलच असे नाही, पण सुधारणा अजून होत राहील. माझे नाव मात्र ह्यांच्या तोंडून आले नव्हते. थेरपिस्ट म्हणाली, कधी कधी अगदी जवळचे नावच उशिरा येते, त्यावर जोर देऊ नका. मी जोर दिला नाही. पण हेमाताईंना हे शिक्षिकेला म्हणतात तसे "बाई" म्हणू लागले, तेव्हा माझ्या मनात काय झाले ते सांगायला नको.

मागच्या रविवारी फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले नाही. फोन स्पीकरवर टाकला आणि ह्यांच्या शेजारी बसले, लवंग तोंडात. हेमाताई नवीन सूत्र रचतात आणि मग उत्तर स्वतःच विसरतात, त्यामुळे त्यांनी एक जुन्या अंकातले वाचले. "आजी वन हिंडून आली, तिच्याच पोटात पाणी निघालं. तीन अक्षरं. मला पण नाय सुटलं हे अजून."

हे विचारात पडले. पलीकडे हेमाताई गप्प. ओट्यावर कुकर गार होत होता.

मी मनातल्या मनात ते शब्द पुन्हा म्हटले. आजी. वन. पोटात. आणि एकदम मला दिसले. दोन शब्दांच्या मधे सरळ बसले होते, इतकी वर्षे मला कोणी सांगितले नव्हते की असे बघायचे असते. हेमाताईंच्या आधी. आयुष्यात पहिल्यांदा हेमाताईंच्या आधी. मी लवंग जिभेखालून काढून तळहातावर ठेवली.

"सुटलं," मी म्हणाले.

फोनवर हेमाताईंचा श्वास ऐकू आला. "तुला? काय सांगतेस. एक अक्षर दे मग."

मला द्यायचे नव्हते. तरी मी तोंड उघडले. जुनी सवय.

ह्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, उजवा. माझ्याकडे बघितले. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते, पायांकडे नाही.

"सुनंदा," हे म्हणाले. आणि थोडे थांबून, "सांगू नको."

मी लवंग पुन्हा जिभेखाली ठेवली. त्या शोधसूत्राचे उत्तर ह्यांना दुपारी सुटले आणि हेमाताईंना संध्याकाळी. तुम्हाला इथे मी ते देणार नाही.